तळापासून एक

बेळगावला मी दगड आणण्यासाठी जात आहे, असे मी रजेच्या अर्जात लिहिले होते. अर्ज खोटा नव्हता. परत येताना माझ्या गाडीच्या डिकीत खरोखरच बारा पिशव्या होत्या. परंतु मी ज्यासाठी गेलो, ते लिहायला अर्जात रकाना नव्हता. असता, तरी तेव्हा मी तो भरला असता असे वाटत नाही.

पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मी तीस वर्षे दगडांतली दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये मोजतो. ही पंधरा-सोळा भावंडे आहेत. स्वभावाने इतकी सारखी, की निसर्गालाही त्यांना वेगळे करणे जड जाते. धातूची खाण जिथे असते, तिथल्या खडकात ही भावंडे कोणत्या प्रमाणात राहिली, कोण निघून गेले आणि कोण मागे उरले, हे पाहिले की तो खडक कसा घडला याचा अंदाज येतो. त्यांच्यातले एक मात्र, सिरियम नावाचे, हवा लागली की बदलते. पावसाचे पाणी बाकीच्यांना घेऊन खाली उतरते, आणि सिरियम वरच अडून बसते.

आमच्या शास्त्रात कोणताही आकडा एकटा उभा राहत नाही. दगडात जे सापडले त्याला उल्केतल्या आकड्याने भागायचे, मगच ते थोडे की फार हे ठरवायचे, असा नियम आहे. मी आयुष्यभर स्वतःला यशवंतने भागत आलो. उत्तर नेहमी एकाहून कमी आले.

यशवंत माझा एमएस्सीचा वर्गमित्र. निपाणीचा. आई तंबाखूच्या वखारीत पाला निवडायची, वडील रस्त्याच्या कामावर. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तर. असे असूनही क्षेत्रभेटीला गेलो की आमचे सर दगड हातात घेऊन आधी यशवंतकडे बघायचे. तो दगड फोडायचा, तुकडा जिभेला लावायचा, आणि सांगायचा. माझे उत्तर बरोबर असले तरी त्याच्यानंतरचे असायचे.

पुढे मला पुण्यात मोठी यंत्रे मिळाली आणि तो बेळगावच्या एका महाविद्यालयात शिकवू लागला. तेव्हा मला वाटले, आता हिशेब मिटला. मिटला नव्हता, हे या प्रवासात कळले.

खडेबाजार

त्याने मला खडेबाजाराच्या तोंडाशी बोलावले होते. गाडी लांब उभी करून चालत गेलो. कानडी पाट्यांखालून मराठी बोलणे वाहत होते, मध्येच कोणी कानडीत वळायचे आणि पुन्हा मराठीत परत यायचे. पुण्यात भाषा बदलताना माणूस क्षणभर थांबतो. इथे कोणी थांबत नव्हते.

यशवंत दिसला तेव्हा तो रस्त्यात उकिडवा बसला होता. महापालिकेने नाल्यासाठी खणलेल्या चरातून आलेले एक ढेकूळ त्याच्या हातात होते आणि शेजारी कापड दुकानदार उभा होता.

"सर, हे काय सोनं हाय का काय?"

"सोनं असतं तर तुझ्या दुकानापुढं टाकलं असतं व्हय, आण्णा?" यशवंत म्हणाला. मग मान वर करून मला बघितले. "आला बगा पुण्याचा! किती वाळलास रं माधव. खायला देत्यात का न्हाय तुझ्या संस्थेत?"

दोनशे पावलांच्या त्या रस्त्याला आम्हांला पाऊण तास लागला. कोणी 'सर' म्हणून स्कूटर थांबवत होते, कोणाची मुलगी पास झाली होती, कोणाच्या विहिरीला पाणी लागले होते. कुंद्याच्या दुकानात मला बघून मालकाने विचारले, "सरांचे पाव्हणे?" आणि खव्याचा तो तपकिरी, खमंग, जरासा रवाळ ऐवज पळसाच्या पानावर पुढे केला. मी चव घेतली. उत्तम होता. माझ्या संस्थेच्या दारासमोरचा चहावाला मला ओळखत नाही, हा विचार त्याच घासाबरोबर आला, आणि गोड पदार्थ कडू कसा लागतो ते समजले.

प्रयोगशाळेची भिंत

दुपारी त्याने महाविद्यालय दाखवले. प्रयोगशाळेत एकही मोठे यंत्र नव्हते. खल-बत्ते, चाळण्या, एक जुना सूक्ष्मदर्शक, आणि भिंतीलगत मांडणीत शेकडो कापडी पिशव्या. त्याच्या दोन विद्यार्थिनी, रेणुका आणि आरती, दुसऱ्या दिवशीची तयारी करत होत्या. पिशव्या वडगावच्या मागावरच्या कोऱ्या मांजरपाटाच्या. रेणुकाच्या घरी माग आहेत. तिची आई उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून देते.

दाराशेजारी एक चकचकीत, प्लास्टिकमध्ये बंद केलेला कागद लावला होता. वेळापत्रक असेल म्हणून मी जवळ गेलो. इंग्रजी मजकूर होता. एका ओळीखाली लाल रेघ मारली होती. ती ओळ मराठीत अशी होईल: 'लेखकाकडून नमुन्यांच्या पिशव्यांचा क्रम उलटा लागला असावा, क्षेत्रकामातील अशा प्राथमिक निष्काळजीपणावर उभारलेला निष्कर्ष स्वीकारता येत नाही.'

ती ओळ माझी होती.

वाचकाला आता मागचे सांगितले पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी यशवंतकडून निपाणीच्या पश्चिमेच्या पठारावरचे बॉक्साइटचे नमुने मागवले होते. बॉक्साइट म्हणजे ॲल्युमिनियमचा कच्चा दगड. त्याने अकरा पिशव्या पाठवल्या. सगळ्या एकाच थरातल्या, दिसायला आणि घटकांनी जवळजवळ सारख्या. वरची कोणती, खालची कोणती, हे पिशवीवरच्या आकड्यावाचून कळण्याजोगे नव्हते. मी मोजले, आणि सिरियम वरच्या टोकाला नव्हे, तळाला साठलेले निघाले. तोवर जगात मोजलेल्या मोजक्या ठिकाणी ते वर सापडले होते. म्हणून हा निबंध गाजला. त्यावर माझे एकट्याचे नाव होते. 'नमुने गोळा करण्यास साहाय्य केल्याबद्दल' एवढ्या शब्दांत यशवंतचे आभार मानले होते.

अकरा वर्षांपूर्वी एका नियतकालिकाने माझ्याकडे एक लेख तपासायला पाठवला. तपासनिसाचे नाव लेखकाला कधीच कळत नाही. लेखकाचे नाव मात्र मला दिसत होते. यशवंतने त्याच खाणीचे नमुने स्वतः पुन्हा घेतले होते, दुसरीकडून मोजून आणले होते. सिरियम वर होते. माझ्या नेमके उलट. लेख सुरेख होता. खडकाचे वर्णन तर असे, की मला तसे कधीच लिहिता आले नाही. मी तो तीन वेळा वाचला आणि ती ओळ लिहिली. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत 'निष्काळजीपणा' हा शब्द मी इतक्या सहज लिहिला असता का, वखारीत पाला निवडणाऱ्या बाईच्या मुलाऐवजी एखाद्या मास्तराच्या मुलाचा लेख असता तर लिहिला असता का, हे मी स्वतःला अलीकडे वारंवार विचारतो. उत्तर मला आवडत नाही.

या वर्षी एका संकलनासाठी मी जगभरच्या अशा थरांच्या आकृत्या शेजारी शेजारी मांडल्या. सगळीकडे सिरियम वर होते. एकट्या माझ्या आकृतीत ते तळाला होते. तेव्हा पहिल्यांदा शंका आली, आणि मी रजेचा अर्ज लिहिला.

"हे काय लावलंय?" मी विचारले. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

उत्तर आरतीने दिले. "सरांनी एकदा पिशव्या उलट्या लावलत्या म्हणे. पेपर परत आलता. म्हणून आता आम्हांला आरोळी घालाय लावतात."

"आरोळी?"

"उद्या बगशील की," यशवंत हसत म्हणाला. "पयलं आठ दिवस मला पटलं न्हाय बग. मग म्हटलं, तपासणारा कोण मोठाच माणूस असणार, उगंच कशाला लिहील? चुकलो असंन. दरसाली पयल्या तासाला हे वाचून दावतो पोरींस्नी. मास्तर चुकतो हे कळलं म्हंजे निम्मं शिकणं झालं."

त्याने माझे वाक्य खरे मानले होते. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी, की त्या क्षणी मला वाटला तो पश्चात्ताप नव्हता. स्वतःची चूक अकरा वर्षे भिंतीवर लावून तिच्यासमोर हसत उभे राहणे मला जमले नसते. मला त्याचा हेवा वाटला. त्याने न केलेल्या चुकीचासुद्धा.

अनगोळ

त्याचे घर अनगोळात, अरुंद बोळात. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तके, आणि पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना दगड. शोभावहिनींनी ज्वारीच्या भाकऱ्या, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची झणझणीत चटणी केली होती. आमच्याकडे पाहुण्याला 'आणखी हवे का' असे विचारतात. इथे विचारत नाहीत. ताट रिकामे दिसले की भाकरी पडते.

"भावजी, तुमचा तो पेपर आमच्याकडं हाय बरं का," वहिनी म्हणाल्या. "आभार मानलेलं पान ह्यांनी खूण घालून ठेवलंय. सासूबाई हुत्या तवा त्यांस्नी वाचून दावलंतं. त्यास्नी इंग्रजी कुठलं? पर नाव छापलंय म्हटल्यावर लई रडल्या."

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"चटणी तिखट लागली व्हय?" वहिनींनी विचारले, आणि वाटीभर दही पुढे केले. मी 'हो' म्हटले. त्या प्रवासातला तो माझा शेवटचा खोटेपणा ठरावा, असे मी तेव्हा ठरवले. परंतु ठरवणे आणि बोलणे यांच्यात एक रात्र आणि सत्तर-ऐंशी किलोमीटर अजून बाकी होते.

निपाणी

सकाळी आम्ही चौघे माझ्या गाडीतून निघालो. निपाणीला शिरताना उग्र, गोडसर वास काचा बंद असूनही आत आला. यशवंतने एका जुन्या वखारीच्या पत्र्याकडे बोट दाखवले. "हितं आई बसायची." एवढेच म्हणाला आणि चहासाठी गाडी थांबवायला लावली.

तिथे मला आठवले, की मी हातोडा घरीच विसरलो आहे. तीस वर्षे दगडांचा अभ्यास करणारा माणूस हातोडा विसरतो, यावर दोन्ही मुली तोंड फिरवून हसल्या.

"पुण्यात दगड चमच्यानं फोडतात काय ओ सर?" रेणुकाने विचारले.

यशवंतने आपला हातोडा मला दिला. दांडा त्याच्या मुठीच्या आकाराने झिजला होता. माझी मूठ त्या खळग्यात बसली नाही.

पठार

निपाणीच्या पश्चिमेला रस्ता उसाच्या शेतांतून चढत जातो आणि अचानक झाडे संपतात. समोर जांभ्याचे काळपट, भाजल्यासारखे पठार पसरते. गवत वितभर, वारा मात्र माणसाला ढकलणारा. खाण बंद पडून काळ झाला. तिची उभी भिंत दोन माणसांच्या उंचीची, तांबूस-करडी, वाटाण्याएवढ्या गोळ्यांनी भरलेली.

आरतीचा मोबाइल सारखा वाजत होता. एका पावलावर महाराष्ट्रात स्वागत, दुसऱ्या पावलावर कर्नाटकात. "सर, पिशवी कुठल्या राज्यात भरायची ते आधी ठरवूया," ती म्हणाली.

मला माझ्या कामात तरबेज दिसायचे होते. ते तिघे सामान काढत असताना मी बाजूच्या उतारावरून भिंतीच्या माथ्यावर गेलो, पाय खाली सोडून बसलो, आणि वरच्या कडेवर हातोडा घातला. तांबडी धूळ आणि खडे भिंतीवरून खाली घसरले.

"अय्यो!" रेणुका खालून ओरडली. "सर, वरून का सुरू केला? वरचं सगळं खालच्या नमुन्यात पडणार की!"

"माधव, उतर रं खाली," यशवंत म्हणाला. "तळ सोडून डोक्यावर काय बसलास? पयली पिशवी कवाबी तळाची. खालनं वर चढत जायचं, म्हंजे वरची धूळ खालच्या नमुन्यात मिसळत न्हाय. माझी पद्धत कॉलेजातनंच तशी."

"नेहमी?" मी वरूनच विचारले.

"नेहमी. तुला पाठवल्या तवाबी. एक म्हंजे तळ, अकरा म्हंजे माथा."

मी यंत्रावरचा माणूस आहे. माझ्या संस्थेत नमुने येतात ते बोअरच्या भोकातून निघालेल्या दगडाच्या लांब कांड्यांतून. तिथे पहिला तुकडा बाहेर येतो तो सर्वांत वरचा. तिथे एक म्हणजे माथा. यशवंतच्या पिशव्या उघडताना मी एक क्रमांक माथ्याला लावला, आणि त्याला एका ओळीचे पत्र लिहून विचारले नाही. छापलेल्या आकृतीत पिशव्यांचे क्रमांक नव्हते, फक्त खोली होती. त्यामुळे चूक त्यालाही दिसली नाही. माझी कीर्ती म्हणजे उलटी धरलेली एक भिंत होती. ज्याने ती सुलटी करून दाखवली, त्याला मी निष्काळजी म्हटले होते.

मी खाली उतरलो. उतरताना घसरलो आणि कोपर सोलवटले. आरतीने बाटलीतले पाणी ओतले.

मग मी आरोळी पाहिली. यशवंत तळाशी बसला, दगड काढला, आणि वाऱ्यावर ओरडला, "तळापासून एक!" आरतीने पिशवीवर मार्करने लिहिले. पिशवी रेणुकाकडे गेली. लिहिले ते तिने मोठ्याने वाचले, "तळापासून एक!" यशवंत म्हणाला, "बरोबर." मगच गाठ पडली. लिहिणाऱ्याने स्वतःचे लिहिलेले वाचायचे नाही, दुसऱ्याने वाचायचे, हा नियम. दोन, तीन, चार. इतके निर्दोष काम मी माझ्या संस्थेत पाहिले नव्हते. आणि ते माझ्या एका खोट्या ओळीतून उगवले होते.

सहाव्या पिशवीनंतर जेवायला बसलो. मुलींनी भाकऱ्या सोडल्या, यशवंतने मुठीने कांदा फोडला.

"यशवंत," मी म्हणालो, "भिंतीवरचा तो कागद मी लिहिला आहे."

"कुठला?"

"तपासनीस मी होतो. तुझ्या पिशव्या उलट्या नव्हत्या. माझ्या होत्या. तू पाठवलेली पहिली पिशवी मी माथ्याला लावली. हे मला आज नक्की कळले. परंतु ती ओळ लिहिताना मी तपासले नव्हते. तुझा लेख माझ्यापेक्षा चांगला होता, म्हणून लिहिली."

वारा होता, तरी कोणाला पुन्हा विचारावे लागले नाही. रेणुका भाकरीकडे बघत राहिली. यशवंतने कांद्याची पाकळी खाली ठेवली.

"म्हंजे मी बरोबर हुतो," तो म्हणाला.

"दोन्ही वेळा."

"त्या पेपरानंतर मी एकबी लिहिला न्हाय, माधव. हात धजलाच न्हाय. एक फोन करायचा हुतास रं. तवा न्हाय, तर धा वर्सांत कवातरी."

मला क्षमा मागायची होती, शब्द जुळवून आणले होते. ते मी बोललो. तो 'असू दे' म्हणाला नाही. तो उठला, हात झटकले, आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. माझे एक मन तेव्हाही पाहत होते, की हा माणूस रागावतानासुद्धा माझ्यापेक्षा मोठा दिसतो. हेव्याला सुट्टी नसते.

"पाच ऱ्हायल्यात," शेवटी तो म्हणाला. "उठा पोरींनो. दगड मीच काढतो, आरोळी आता हा देईल."

मी दिली. "तळापासून सात!" माझा आवाज मुळात हळू, वाऱ्यात विरला. "ऐकू आलं न्हाय," यशवंत वरून म्हणाला. मी पुन्हा ओरडलो. त्याने मला प्रत्येक आकडा दोनदा ओरडायला लावला, अकरापर्यंत. बारावी पिशवी त्याने माथ्यावरच्या जांभ्याची भरली. माझ्या घरासाठी, म्हणाला.

पुन्हा भिंत

संध्याकाळी सामान उतरवायला आम्ही प्रयोगशाळेत गेलो. मी सरळ दाराशेजारी गेलो आणि कागदाचे खिळे काढू लागलो.

"हात लावू नगंस," यशवंत म्हणाला.

"यशवंत, हे खोटे आहे."

"ओळ खोटी हाय. आरोळी खरी हाय. कागद ऱ्हाऊ दे." त्याने आरतीच्या हातातला मार्कर घेतला आणि माझ्यापुढे धरला. "फकस्त खाली नाव न्हाय बग. तपासणाऱ्याचं नाव कळत न्हाय म्हणत्यात. तू लिही."

पुण्याला परत आल्यावर मी माझा निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र पाठवले आहे. माझी आकृती उलटी आहे हे त्यात लिहिले आहे, आणि ती का उलटी झाली तेही. अकरा पिशव्यांचे मोजमाप चालू आहे. त्यातून होणाऱ्या निबंधावर पहिले नाव कोणाचे असेल हे सांगायला नको. यशवंतचा फोन अजून आलेला नाही. मी करतो, तो उचलतो, कामाचे बोलतो. याहून अधिक मागण्याचा मला अधिकार नाही. ही सगळी कामे मला जमली. त्या संध्याकाळी भिंतीवर नाव लिहिण्याचे ते एक काम मात्र सर्वांत अवघड होते.

चकचकीत प्लास्टिकवर मार्कर घसरत होता. मी लाल रेघ मारलेल्या ओळीखाली माझे पूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासह. पुढे तारीख लिहिली. लिहून बाजूला झालो.

रेणुका पुढे आली. तिला कोणी सांगितले नव्हते. पण लिहिलेले दुसऱ्याने वाचायचे, हा तिथला नियम. तिने माझे नाव मोठ्याने वाचले, पठारावर वाचत होती तेवढ्याच मोठ्याने, आणि वळून सरांकडे पाहिले.

यशवंतने वेळ घेतला.

"बरोबर," तो म्हणाला.